सरकारी जीप घरची कशी झाली

आमच्या भागात 'फोर व्हीलर' म्हणजे कुठलीही चारचाकी. सोयरीक जमवताना "पोराकडं फोर व्हीलर आहे का?" असं विचारतात, तेव्हा आठ-दहा वर्षं वापरलेली छोटी मारुती असली तरी चालतं. पण 'फोर व्हील' म्हटलं, म्हणजे शेवटचा 'र' काढून टाकला, की अर्थच बदलतो. फोर व्हील म्हणजे चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळणारी गाडी. फरक एका अक्षराचा आहे. पण तो कळायला माणूस शेतवस्तीवर राहणारा लागतो, आणि महिना श्रावण-भाद्रपदाचा लागतो.

आमच्या घरी अशी एक फोर व्हील आहे. १९८९ सालची महिंद्राची एमएम ५४० जीप. तिचा पहिला मालक एक सरकारी खातं, दुसरा मालक रस्त्यांची कामं घेणारा एक गुत्तेदार (पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी: गुत्तेदार म्हणजे कंत्राटदार. आमच्याकडे अजून हाच शब्द चालतो), आणि १९९९ पासून तिसरे मालक आम्ही. घर कन्नड तालुक्यात, गावापासून अडीच किलोमीटर आत, शेतातच. मी नोकरीपायी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला येऊन राहिलो, पण जीप तिकडेच राहिली. ती शहरात शोभणार नाही, आणि खरं सांगायचं तर तिला शहराची गरजही नाही.

या जीपच्या दारावर नानांनी (म्हणजे माझ्या वडिलांनी) आजवर दोनदा रंग दिला. तरी तिरप्या उन्हात नीट पाहिलं, की रंगाखालून 'महाराष्ट्र शासन' ही अक्षरं पुसट दिसतातच. नानांना त्याचं काही वाटत नाही. मला मात्र ती अक्षरं बघून नेहमी प्रश्न पडायचा, की सरकारची ही वस्तू आमच्या गोठ्याशेजारी आली कशी? एका गाडीचं उत्तर सोपं आहे: लिलावातून आली. पण मराठवाड्यातल्या एकूण जीपचं उत्तर शोधायला लागलो तेव्हा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास हाताला लागला. तो आज इथे मांडतो.

सुरुवात अमेरिकेपासून करावी लागते. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, कुठल्याही रानात जाणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. नमुना गाडी करून द्यायला मुदत होती ४९ दिवसांची! बॅन्टम नावाच्या एका छोट्या कंपनीने ती मुदत पाळली. पुढे मोठं उत्पादन मात्र विलीज आणि फोर्ड या दोघांकडे गेलं, आणि महायुद्ध संपेपर्यंत त्यांनी सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या. युद्ध संपताच १९४५ मध्ये विलीजने नागरी जीप काढली आणि ती विकायला थेट शेतकऱ्याकडे गेली. नांगर ओढा, मळणीयंत्र चालवा, रविवारी बायकापोरांना घेऊन चर्चला जा, असा एकूण सूर. म्हणजे तिकडे जीप लष्करातून शेतात एका उडीत आली.

आपल्याकडे हीच उडी मारायला तिला पन्नास वर्षं लागली. मधल्या काळात ती कुणाकुणाच्या दारात उभी राहिली, हीच खरी गोष्ट आहे.

भारतात जीपचा धंदा आणला महिंद्रांनी. १९४५ मध्ये कंपनी निघाली तेव्हा तिचं नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद. भागीदार गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. १९४७ पासून मुंबईत विलीज जीपची जुळवणी सुरू झाली.

मुंबईत हे चाललं होतं तेव्हा औरंगाबाद भारतात नव्हतं, हे विसरून चालणार नाही. आम्ही निजामाच्या हैदराबाद संस्थानात. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज रेल्वे १९०० सालापासून होती, १९३२ पासून संस्थानची बससेवाही होती. पण रूळ आणि सडक सोडली की बैलगाडी, नाहीतर पाय. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस अॅक्शन झाली. १३ तारखेला भारतीय फौजा संस्थानात शिरल्या, १४ तारखेला मेजर जनरल ब्रार यांच्या फौजेपुढे औरंगाबाद शरण आलं, १७ तारखेला निजामाने हार पत्करली. आमच्या आजोबांच्या पिढीतल्या कित्येकांनी लष्करी मोटारी पहिल्यांदा पाहिल्या त्या याच दिवसांत. रझाकारांच्या जाचातून सुटका करणाऱ्या फौजेच्या मोटारी म्हणून त्यांचं कौतुकच झालं असणार. पण त्या होत्या फौजेच्या. आपल्या दारात अशी एखादी असावी, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नसेल.

गंमत बघा, स्वतंत्र भारताचा पहिला गाजलेला घोटाळाही जीपचाच, आणि तोही वापरलेल्या जीपचा! १९४८ साली लंडनमधले आपले उच्चायुक्त कृष्ण मेनन यांनी दुरुस्त केलेल्या जुन्या लष्करी जीप घ्यायचा करार नेहमीची पद्धत बाजूला ठेवून केला. गाड्या आल्या १५५. संसदेत खूप आरडाओरड झाली, आणि १९५५ मध्ये सरकारने प्रकरण बंद केलं. जुनी गाडी घेताना इंजिन आधी बघावं आणि पैसे मागून द्यावेत, हे आमच्या आठवडी बाजारातलं शहाणपण लंडनपर्यंत पोचलेलं नव्हतं. असो.

पुढची जीप आली ती साहेबाची. २ ऑक्टोबर १९५२ ला देशात सामूहिक विकास योजना सुरू झाली. गट पाडले गेले, प्रत्येक गटाला विकास अधिकारी आणि त्याच्यासोबत जीप. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. अधिकारी वाढले, सभापती आले, जीपही वाढल्या. निवडणुकीत कर्णा लावून फिरायला पुढाऱ्यालाही जीपच हवी. कारण सोपं होतं. गावात जायला रस्ता नव्हता, आणि रस्ता नसताना जाऊ शकणारी मोटार एकच होती.

त्यामुळे "जीप आली" या दोन शब्दांचा अर्थ गावात फार मोठा झाला. जीप आली म्हणजे वसुली आली, पंचनामा आला, मतं मागायला कुणीतरी आलं. १९७२ च्या दुष्काळात जीप आली म्हणजे कामाची मोजणी आली. त्या वर्षी आमच्या आजीने रस्त्याच्या कामावर खडी फोडली. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव त्या दुष्काळात तिच्यासारख्या बायकांच्या हातांनी झाले. आणीबाणीत तर लांबून जीपचा आवाज आला की गडीमाणसं नसबंदीच्या भीतीने ज्वारीत जाऊन बसायची, असं ती सांगायची. पुढे तीच आजी आमच्या जीपमध्ये पुढच्या सीटवर बसून पैठणला नाथषष्ठीला जायची. पण पहिले काही महिने जीप अंगणात शिरली की तिचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे जायचा. समोरून साहेब उतरणार, अशी जुनी सवय. उतरायचे नानाच.

मग ही गाडी साहेबाच्या हातून सुटली कशी? तर म्हातारी झाली म्हणून सुटली. सरकारी गाडी ठरावीक वर्षं आणि ठरावीक किलोमीटर चालली की तिचं 'निर्लेखन' होतं (काय शब्द आहे!) आणि ती लिलावात जाते. लष्कराच्या डिस्पोजलमधूनही जीप बाहेर यायच्या. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा गॅरेजवाल्यांनी जुन्या पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवायला सुरुवात केली. कंपनीनेही तेच केलं. महिंद्राच्या ट्रॅक्टरचं तंत्र इंटरनॅशनल हार्वेस्टरचं होतं, त्यातूनच आलेलं डिझेल इंजिन जीपला लागलं. नंतर आलं फ्रान्सच्या प्युजो कंपनीच्या परवान्यावर बनणारं २,११२ सीसीचं इंजिन. आमच्या जीपमध्ये तेच आहे. म्हणजे अमेरिकेचा सांगाडा, फ्रान्सचं इंजिन, मुंबईचा कारखाना आणि कन्नडचा चिखल.

१९८० नंतर जीपची बहीण गावोगाव पोचली, ती म्हणजे काळी-पिवळी. सिल्लोड, कन्नड, वैजापूर, पैठण, कुठल्याही नाक्यावर उभे राहा, कमांडर नाहीतर ट्रॅक्स उभी असायचीच. आत दहा जणांची जागा, बसलेले वीस, मागे लोंबकळणारे वेगळे. एसटी ज्या गावाला दिवसातून दोनदा जायची, तिथे काळी-पिवळी भरली की निघायची. तिचे अपघात भयंकर होते, त्यावर पांघरूण घालायचं काही कारण नाही. पण साहेबाच्या गाडीत आपणही पाच-दहा रुपयांत बसू शकतो, हे लोकांना पहिल्यांदा तिने दाखवलं. मात्र बहुतेक काळ्या-पिवळ्या नुसत्या मागच्या चाकांवर चालायच्या. डांबरावर तेवढं पुरतं, शेतात पुरत नाही.

शेतात का पुरत नाही, ते सांगितलं पाहिजे. आमच्याकडची जमीन काळी. कापसाला, मक्याला, अद्रकीला सोन्यासारखी, पण पाऊस पडला की ती चाकाला धरते. आधी टायरच्या नक्षीत चिखल भरतो, मग टायर गुळगुळीत गोळा होतो, मग ते जागेवर फिरायला लागतं आणि स्वतःसाठी खड्डा खणतं. साध्या गाडीत जोर दोनच चाकांकडे जातो, आणि त्यातलं एक घसरलं की सगळा जोर त्या घसरणाऱ्या चाकातच वाया जातो. जीपमध्ये मोठ्या गिअरशेजारी छोटा दांडा असतो. तो टाकला की पुढची चाकंही ओढायला लागतात. आणखी खाली टाकला की 'लो' लागतो. वेग निम्म्याहून कमी होतो आणि चाकावरचा जोर त्याच हिशेबात वाढतो. गाडी बैलाच्या चालीने, पण न थांबता निघते. आमचे मिस्त्री म्हणायचे, "साब, लो में क्लच को हाथ नहीं, पाँव नहीं, बस भरोसा." डांबरावर आलं की मात्र तो दांडा आठवणीने काढायचा. वळणावर पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं. चिखलात ती थोडी घसरून जुळवून घेतात, डांबरावर तसं होत नाही आणि सगळा ताण दातऱ्यांवर येतो.

हे सगळं आम्ही ज्यासाठी वापरलं ते काही फार थोर नव्हतं. दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, अद्रकीची पोती, वासराला इंजेक्शन द्यायला डॉक्टरांना आणणं. आणि शाळा. हे जरा सविस्तर सांगतो. वस्तीवरच्या मुलांची शाळा पावसाळ्यात बुडायची. मुलगे गुडघाभर चिखलातून जायचे, सातवी-आठवीतल्या मुलींना मात्र "राहू दे आता" म्हणून घरी बसवलं जायचं, आणि त्या बसल्या की बसल्याच. १९९९ च्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण आठवीत होती. नानांनी तिला सोडायला जीप काढली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या वस्तीवरच्या दोघी आल्या, आठवड्याने सहा झाल्या. पुढे चार पावसाळे रोज सकाळी नऊ-दहा मुली मागच्या आडव्या बाकांवर दप्तरं मांडीवर घेऊन बसायच्या. त्यातल्या बहुतेक दहावी झाल्या, माझी बहीण आज नर्स आहे. जीप नसती तर काय झालं असतं, हे मी ठामपणे सांगू शकत नाही. पण त्यांच्याआधीच्या पिढीत त्याच वस्त्यांवरून दहावी झालेल्या मुली मला मोजून एक आठवते.

रात्रीचा हिशेब वेगळा. "नाना, गाडी काढा" ही हाक आली की विचारायचं नाही काय झालं. साप, बाळंतपण, छातीत दुखणं. कन्नडला जमलं तर कन्नड, नाहीतर साठेक किलोमीटरवर घाटी, म्हणजे शहरातलं १९५६ पासूनचं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय. डिझेलचे पैसे कुणी द्यायचं, कुणी नाही. सहा महिन्यांनी एखादा मक्याचं पोतं आणून टाकायचा. आई चिडायची, आपल्या घराच्या कामाला गाडी नसते म्हणून. पण तिलाही ठाऊक होतं, की वस्तीवर जीप एकाची नसते. कागदावर नाव एकाचं असतं, एवढंच.

हाच मला या सगळ्या इतिहासाचा मुद्दा वाटतो. नवी असताना ही गाडी सत्तेची होती. नंतर ती पैशाची झाली, गुत्तेदाराची. तिचा रुबाब पुरता उतरला, किंमत एका बैलजोडीच्या दोन-तीन पट इतकी खाली आली, तेव्हा कुठे ती घराच्या, वस्तीच्या, मुलींच्या शाळेच्या कामाला आली. मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला नवी जीप कुणी विकली नाही, म्हणजे विकायला ठेवली तरी त्याला परवडली नाही. त्याला ती मिळाली वयामुळे.

आता चित्र बदललं आहे, हेही सांगायला हवं. डिसेंबर २००० मध्ये प्रधानमंत्री ग्रामसडक योजना आली आणि आमच्या गावापर्यंत डांबर आलं. जानेवारी २०१४ मध्ये १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली आणि नानांची रात्रीची झोप बरीच सुधारली. २०२१ मध्ये शेत-पाणंद रस्त्यांसाठी मातोश्रींच्या नावाची योजना आली. आणि शहराचं म्हणाल तर ऑक्टोबर २०१० मध्ये इथल्या मंडळींनी एकत्र येऊन एका फटक्यात दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या! देशभर बातमी झाली. तेव्हापासून आमच्या शहराला गाड्यांची हौस शिकवायला नको. आज लग्नाच्या मांडवासमोर स्कॉर्पिओ, थार, फॉर्च्युनर ओळीने उभ्या असतात. त्यातल्या कित्येक फोर व्हील आहेत, पण त्यांचा तो छोटा दांडा (आता बऱ्याच गाड्यांत नुसतं बटण) कुणी कधी वापरलेला नसतो. मोठ्या गाडीचा प्रवास पुन्हा पहिल्या पायरीवर आला आहे: दारात उभी राहून मालक कोण हे सांगायचं. साठच्या दशकातल्या सभापतीच्या जीपचं कामही हेच होतं.

यात वाईट काही नाही. मला चिंता दुसरी आहे. पूर्वी साहेबाची गाडी पंधरा-वीस वर्षांनी खाली उतरत उतरत वस्तीवर यायची. आता ही उतरंड अडते आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांपेक्षा जुन्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होते आणि त्या मोडीत काढायच्या असतात. संरक्षण खात्याच्या वगैरे काही गाड्या सोडल्या तर सरकारी दारावरची अक्षरं रंगाखाली घेऊन एखादी जीप यापुढे कुणाच्या अंगणात येणार नाही. खाजगी जुन्या गाडीला बंदी नाही, तपासणीत पास झाली तर चालते. पण नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क एप्रिल २०२२ पासून ६०० चं ५,००० रुपये झालं, आणि २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या गाडीसाठी १०,००० केलं गेलं. आमच्या जीपचं नूतनीकरण २००४ पासून दर पाच वर्षांनी, २०२४ धरून पाच वेळा झालं. पुढची पाळी २०२९ ची. तेव्हा तिला चाळीस पूर्ण होतील आणि नानांना ऐंशी.

जुन्या गाड्यांची बाजू डोळे झाकून घ्यावी असंही नाही. आमची जीप धूर सोडते. तिला पट्टे नाहीत, एअरबॅगचं तर नावच नको. मागच्या बाकांवर मुली बसायच्या तेव्हा नाना तीसच्या वर कधी गेले नाहीत, पण कायदा प्रत्येक ड्रायव्हर नानांसारखा आहे असं धरून करता येत नाही, हे मला पटतं. शहरातली हवा मी रोज घेतो, तेव्हा तर आणखीनच पटतं. प्रश्न एवढाच आहे, की पाणंदीचा चिखल अजून तिथेच आहे. योजनेचा बोर्ड लागला, मुरूम अर्ध्या रस्त्यापर्यंत आला, उरलेला दीड किलोमीटर जुलैत अजूनही चाक धरतो. १०८ ची गाडी डांबर संपतं तिथे थांबते, आणि तिथून पुढे रुग्णाला आणायला कुणीतरी लागतंच. या पावसाळ्यातही दोनदा जीपच लागली. आजच्या नव्या फोर व्हील पंधरा वर्षांनी आमच्यासारख्यांच्या वाट्याला आल्या, तर त्यांच्या आतली इलेक्ट्रॉनिक्स उघडणारा मिस्त्री कन्नडला भेटेल का, आणि भेटला तरी त्याचा हिशेब एखाद्या शेतकऱ्याला झेपेल का, याचं उत्तर मला कुठे दिसत नाही.

नानांना मी हे सगळं सांगितलं. विकून टाकू म्हणालो, मोडीत बरे पैसे येतील. ते म्हणाले, "वस्तीवरच्या दोन पोरी यंदा पाचवीत गेल्यात. त्यांची दहावी होऊ दे, मग बघू." मी हिशेब केला. दहावी होईस्तोवर २०२९ उलटून जातं. म्हणजे दहा हजार रुपये आत्तापासून बाजूला काढायला हवेत. शिवाय मागचे पाटेही बदलायला झाले आहेत, ते दिवाळीच्या सुट्टीत करून टाकतो.